विद्यार्थी मंडळ : लोकशाहीची पहिली शाळा

(संस्थेच्या नाशिक येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



 आम्ही काही विद्वान नाही. याच नाशकात वसतिगृहात राहून, सकाळी कॉलेज व संध्याकाळी मिळेल ते काम करून शिकलेली आम्ही माणसे आहोत. तेव्हा मोठा सिद्धांत सांगण्यापेक्षा आमच्या हातून घडलेली एक चूक सांगून विषयाला सुरुवात करतो.

१९८० च्या दशकातली गोष्ट. आमच्या वसतिगृहात आम्ही वीस-बावीस मुलांनी एक विद्यार्थी मंडळ काढले होते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी पदे वाटून घेतली. घटना नव्हती, इतिवृत्ताची वही नव्हती. उत्साह मात्र भरपूर होता. जयंतीची वर्गणी जमली, व्याख्यान झाले, लाऊडस्पीकरचे भाडे दिले गेले, आणि थोडे पैसे शिल्लक राहिले. पुढे दोन महिने कोणी हिशेबाचा विषय काढला नाही. एका बैठकीत पहिल्या वर्षाचा एक मुलगा, पेठकडच्या खेड्यातून आलेला, मागच्या रांगेतून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, हिशेब कधी वाचणार?" आमच्यापैकी एकाने त्याला तिथेच दरडावले, "समाजाच्या कामात हिशेब विचारतोस? चार आणे दिलेस तर मालक झालास का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. तो मुलगा खाली बसला, आणि पुन्हा मंडळात आला नाही.

त्या पैशांत कोणी खाल्ले नव्हते, ही गोष्ट इथे सांगितली पाहिजे. एका मुलाची परीक्षा फी भरायची राहिली होती, त्याला ते पैसे दिले गेले होते. काम चांगलेच झाले होते. पण कोणाला विचारले नव्हते, कुठे लिहिले नव्हते, आणि विचारणाऱ्याला गप्प केले होते. मग कुजबुज सुरू झाली, दोन गट पडले आणि वर्षाच्या आत मंडळ मोडले. चोरी न होता चोरीचा डाग लागला. तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली आहे, आणि तीच आज सांगायची आहे : ज्या मंडळात सर्वांत धाकट्या सभासदाला प्रश्न विचारता येत नाही, ते मंडळ कितीही मोठी जयंती करो, तिथे लोकशाही नाही.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, आमच्या कॉलेजात तर विद्यार्थी परिषद आहे, मग मंडळाची एवढी चर्चा कशाला? त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. महाराष्ट्रात १९७० आणि १९८० च्या दशकांत कॉलेजातल्या निवडणुका मोठ्या धामधुमीत होत. वर्ग प्रतिनिधी, जनरल सेक्रेटरी, विद्यापीठ प्रतिनिधी या पदांसाठी पॅनेल उभी राहत. त्यांतून चांगले कार्यकर्ते तयार झाले, यात शंका नाही. परंतु त्याबरोबर पैसा आला, बाहेरचे पक्ष आले, मारामाऱ्या आल्या. मुलांना पळवून नेण्यापर्यंत मजल गेली. शेवटी १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने ही पद्धत बदलली. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेतील गुणवत्तेनुसार एक विद्यार्थी घ्यायचा; राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., क्रीडा व सांस्कृतिक विभागातून आणि मुलींमधून प्राचार्यांनी नावे नेमायची. आणि या सर्वांनी मिळून आपल्यातून एक सचिव निवडायचा. खुली निवडणूक संपली.

योगायोग पाहा. १९८९ साली घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. अठरा वर्षांच्या मुलामुलींना खासदार निवडण्याचा अधिकार मिळाला, आणि पाचच वर्षांत आपल्या राज्यात त्यांचा वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार गेला!

गुणवत्तेने आलेला प्रतिनिधी वाईट असतो, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अभ्यासू मुलांचा आम्हांला अभिमानच आहे. पण आपल्या वस्तीतला मुलगा पहाटे भाजी मार्केटात हमाली करून, किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करून वर्गात येतो. तो पहिला नंबर क्वचितच काढणार. त्याची शिष्यवृत्ती अडली, त्याला वसतिगृह मिळाले नाही, ग्रंथालय तो मोकळा होण्याच्या वेळेलाच बंद होते, हे कोण मांडणार? आणि याहून मोठा मुद्दा असा की, गुणपत्रिकेने निवडलेला प्रतिनिधी गुणपत्रिकेलाच बांधील असतो. ज्याला आपण निवडले नाही, त्याला जाब तरी कोणत्या तोंडाने विचारणार?

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून लिंगडोह समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००६ साली आला आणि न्यायालयाने त्याच वर्षी तो लागू केला. उमेदवाराने ५००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नये, छापील पोस्टर लावू नयेत, ७५ टक्के हजेरी असावी, अशा अटी तीत आहेत. जिथे वातावरण बिघडलेले असेल तिथे काही काळ नेमणुकीची पद्धत ठेवावी, पण ती तात्पुरती असावी आणि ५ वर्षांत निवडणुकीकडे यावे, असेही समितीने सुचवले. म्हणजे रोग झाला म्हणून औषध द्यावे, अवयवच कापून टाकू नये, हा त्यातला विचार. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा झाला, तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी यांची सर्व विद्यार्थ्यांच्या मतदानाने निवड करण्याची तरतूद पुन्हा आली. राखीव प्रवर्गाच्या प्रतिनिधीची तरतूद आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. परंतु २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या, नंतर करोनाची साथ आली, आणि कायदा कागदावर असूनही वर्षामागून वर्ष निवडणुकीवाचून गेले.

ही निवडणूक मिळावी, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण उद्या निवडणूक आली तर आपली तयारी आहे का? ज्याने कधी सभा चालवली नाही, ठराव लिहिला नाही, पावती फाडली नाही, तो निवडून येऊन काय करणार? ज्याच्याकडे मोटारसायकली जास्त, त्याच्या मागे तो जाणार. म्हणून आम्ही म्हणतो, लोकशाहीची पहिली शाळा मंडळ हीच आहे. वाङ्मय मंडळ असो, विज्ञान मंडळ असो, वसतिगृहाची खानावळ समिती असो की वस्तीतले अभ्यास मंडळ असो. तिथे गिरवलेले पुढे संसदेपर्यंत उपयोगी पडते.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. परमपूज्य बाबासाहेबांचे कार्य पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली. सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडले. वसतिगृहाने मुलांना फक्त जेवणखाण दिले असे नाही. सभेच्या आश्रयाने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, आणि तरुणांनी व्यसनांकडे वळू नये म्हणून हॉकी क्लबही निघाला. ज्या समाजाला पिण्याच्या पाण्यासाठी झगडावे लागत होते, त्या समाजाच्या नेत्याने मासिक, वाचनालय आणि खेळाचा क्लब या गोष्टींना वेळ दिला, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तिथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती. १९५० च्या जानेवारीत, देशाची राज्यघटना अमलात येण्याच्या तोंडावर, स्वतः बाबासाहेबांनी त्या विद्यार्थी पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशाच्या कायदेमंत्र्याने आपले सर्वांत वादग्रस्त विधेयक कॉलेजच्या मुलांपुढे मांडावे, ही त्या मुलांना दिलेली केवढी मोठी प्रतिष्ठा! औरंगाबादला १९५० साली सुरू झालेल्या आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेल्या कॉलेजच्या परिसरातही असेच वातावरण होते. दलित साहित्याच्या चळवळीला व्यासपीठ देणारे 'अस्मितादर्श' हे नियतकालिक १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच परिसरातून पुढे आले. वाङ्मय मंडळाला कोणी 'नाटकं-कवितांचा उद्योग' म्हणून हिणवले, तर त्याला एवढेच उदाहरण सांगा.

आता आपल्या नाशिककडे वळू. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे चालला. आपण त्याची आठवण काढतो ती बाबासाहेबांच्या नेतृत्वासाठी आणि सत्याग्रहींच्या धैर्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण पाच वर्षे लढा चालवायचा म्हणजे काय? स्वयंसेवक जमवणे, गावोगाव निरोप पाठवणे, जेवणाची सोय, निधी, पत्रव्यवहार. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते कर्मवीर दादासाहेब गायकवाड, याच जिल्ह्यातल्या आंबे-दिंडोरीचे. त्यांनी आणि बाबासाहेबांनी एकमेकांना किती पत्रे लिहिली! त्या पत्रांचा संग्रह आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहे, विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. समितीचे काम केलेला हाच माणूस पुढे मुंबई विधिमंडळात, मग लोकसभेत आणि राज्यसभेत गेला. चिटणीसपद म्हणजे नावापुढे लावायचे बिरुद नव्हे, रोजचे कष्टाचे काम आहे, हे दादासाहेबांच्या आयुष्यावरून शिकावे.

आणखी मागे जाऊ. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे माहीत होते. विनयात हे नियम आजही वाचायला मिळतात. संघाच्या साध्या कामाला किमान ४ भिक्खू लागत, उपसंपदेला मध्यदेशात १०. प्रस्ताव आधी मांडायचा, मग महत्त्वाच्या बाबतीत तीन वेळा विचारायचे, ज्याला विरोध असेल त्याने बोलावे. मतभेद मिटेना, तर शलाका, म्हणजे लाकडाच्या काड्या, वाटून मत घ्यायचे. त्या काड्या वाटणारा माणूस कसा असावा? जो आवडीनिवडीने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने वागणार नाही, असा. निवडणूक अधिकाऱ्याची याहून चांगली व्याख्या आम्हांला तरी सापडलेली नाही. त्रिरश्मीच्या लेण्यांत आपण सहलीला जातो, तिथल्या विहारांच्या लहान लहान खोल्या पाहतो. त्या खोल्यांत राहणारी माणसे एकत्र बसून, नियमाने आपला कारभार चालवत होती, हेही तिथे गेल्यावर आठवावे.

बाहेरच्या देशांतही हा विचार रुजलेला आहे. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची कमी फीची, स्थानिक कॉलेजे असतात. नोकरी करणारे, संसार सांभाळणारे, घरात पहिल्यांदाच शिकणारे लोक तिथे मोठ्या संख्येने येतात. म्हणजे आपल्यासारखीच मंडळी. कॅलिफोर्निया राज्यात अशा कॉलेजांच्या प्रत्येक जिल्हा विश्वस्त मंडळावर एक विद्यार्थी सदस्य असतो. त्याचे मत सल्ल्यापुरतेच असले, तरी फी वाढवण्याची चर्चा होते तेव्हा तो समोर बसलेला असतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. नाशिकलाच १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे; तिथे कामगार आणि गृहिणी शिकतात. त्यांना रोजचा कॅम्पस नाही, पण अभ्यास केंद्र आहे. संपर्क सत्राच्या दिवशी अर्धा तास थांबून दहा जणांचे अभ्यास मंडळ काढायला कोणाची परवानगी लागते?

आता काही जण दोन आक्षेप घेतील. पहिला, मंडळात राजकारण शिरते. होय, शिरते. परंतु राजकारण शिरते ते दार उघडे असल्यामुळे नव्हे, वही बंद असल्यामुळे. बाहेरच्या पुढाऱ्याने दिलेली देणगी सभेत वाचून दाखवली, तिची पावती फाडली, तर ती देणगी राहते. गुपचूप घेतली तर ते ओझे होते, आणि मग तो सांगेल त्याच्या मोर्चाला जावे लागते. दुसरा आक्षेप, अभ्यास बुडतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणून पदे वाटून घ्यावीत आणि दरवर्षी बदलावीत. एकाच मुलाच्या डोक्यावर सगळे टाकले तर त्याचे वर्ष जाते, आणि मंडळही त्याच्यावाचून चालेनासे होते. बाबासाहेबांनी घटना समितीतल्या त्याच भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. तो धोका वीस मुलांच्या मंडळालाही असतो.

तेव्हा प्रत्यक्ष काय करावे? अनुभवातून आलेल्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली, घटना. दोन पाने पुरतात. सभासद कोण, वर्गणी किती, पदाधिकारी कसे निवडायचे, किती काळासाठी, आणि किती सभासद हजर असले म्हणजे सभा ग्राह्य धरायची. ती सर्वांपुढे वाचून मंजूर करावी.

दुसरी, इतिवृत्ताची वही. तारीख, हजर सभासद, ठराव, सूचक, अनुमोदक, विरोध असल्यास तोही. पुढच्या सभेच्या सुरुवातीला मागचे इतिवृत्त वाचावे. बहुमताच्या विरोधात बोललेल्याचे नाव वहीत येते, तेव्हा त्याला कळते की आपले म्हणणे वाया गेले नाही.

तिसरी, पैसा. छापील पावती पुस्तक, रोजकीर्द आणि दर महिन्याला जमाखर्चाचे वाचन. बँकेत किंवा पोस्टात खाते दोघांच्या सहीचे. आजकाल वर्गणी मोबाईलवरून येते, म्हणून ती कोणाच्या वैयक्तिक खात्यात जाऊ देऊ नये. खजिनदार आपला सख्खा भाऊ असला तरी हिशेब तपासणारा दुसरा असावा. यात अविश्वास नाही. उद्या त्याच्यावर खोटा आळ आला, तर ही वहीच त्याची बाजू घेईल.

चौथी, मुली. मुलींना फक्त रांगोळी, स्वागतगीत आणि पुष्पगुच्छ देण्यासाठी बोलावू नका. अध्यक्षपद, खजिनदारपद त्यांच्याकडे द्या, आणि सभेची वेळ त्यांना घरी जाता येईल अशी ठेवा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार जी अंतर्गत समिती असते, तिच्यात विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावेत आणि ते लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत, असे म्हटले आहे. आपल्या कॉलेजात ते कसे निवडले गेले, हे विचारणे मंडळाचे काम आहे.

पाचवी, उपयोगाचे एक तरी काम. शिष्यवृत्तीचेच घ्या. महाडीबीटीवर अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला जुना असतो, बँक खाते आधारला जोडलेले नसते, नावात एका अक्षराचा फरक असतो, आणि अर्ज परत येतो. घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? मंडळाने प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडावे. कागदपत्रांची यादी भिंतीवर लावावी. मागच्या वर्षी ज्याचा अर्ज मंजूर झाला, त्याने यंदाच्या चौघांचे अर्ज तपासावेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिची माहिती द्यावी. अडलेल्या अर्जांची यादी करून, सर्वांच्या सह्यांनिशी प्राचार्यांना निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. एकटा गेला तर 'उद्या ये' ऐकावे लागते. मंडळाच्या ठरावाची प्रत घेऊन चौघे गेले, की निदान तो कागद आवक नोंदवहीत चढतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या समाजात कार्यकर्त्यांची उणीव नाही. उणीव आहे ती एकत्र टिकून राहण्याची. एका संस्थेच्या दोन, दोनाच्या चार होताना आम्ही पाहिल्या आहेत. पुष्कळ वेळा कारण विचारांचे नसते. हिशेब, पद, आणि न विचारता घेतलेला निर्णय, एवढ्यावरच सारे फाटते. तुम्ही वयाच्या अठराव्या वर्षी नियमाने भांडायला आणि नियमाने मिटवायला शिकलात, तर ही फाटाफूट पुढच्या पिढीत कमी होईल, अशी आमची खात्री आहे. आमच्या पिढीने शिकायचे ते उशिरा शिकले.

शेवटी त्या पेठकडच्या मुलाबद्दल. तो पुढे काय झाला, कुठे गेला, आम्हांला ठाऊक नाही. त्याची माफी मागायची राहून गेली. ती आज या सभेत, तुमच्या साक्षीने मागतो. तुमच्या मंडळातही असा एक मुलगा किंवा मुलगी मागच्या रांगेत बसलेली असेल. ती उठून हळू आवाजात काही विचारेल. तेव्हा हसू नका. अध्यक्षांनी सर्वांना शांत करावे, चिटणीसांनी तो प्रश्न वहीत लिहून घ्यावा, आणि खजिनदारांनी उभे राहून उत्तर द्यावे. एवढे झाले, की तुमचे मंडळ टिकेल.

 आता विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे.

जय भीम!